लांडग्याचं ताट आणि घरचा मोती

कुत्र्याला कच्चं मांस घालावं का, हा एकच प्रश्न गेले तीन महिने वेगवेगळ्या अक्षरांत येतो आहे. मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघायचा, दुसऱ्या दिवशी भात बंद करायचा आणि जुलाब लागले की मला लिहायचं, असा क्रम दिसतो. त्यातली काही पत्रं आज एकत्र घेतो.

कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच. मग शिजवलेलं अन्न त्याला अनैसर्गिक नाही का? (पुणे)

सासवडच्या माळावर लांडगे आहेत. त्यांना कुणी धुऊन, हाडं काढून चिकन आणून देत नाही. लांडगा शिकार कातडी-हाडांसकट खातो, पोटात जंत घेऊन हिंडतो आणि रानात सात-आठ वर्षं जगला तरी पुष्कळ. तुमच्या मोतीने पंधरा जगावीत अशी तुमची अपेक्षा आहे. शिवाय कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढलाय. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात. कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत सापडल्या, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. भात त्याला पचतो. (नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा ठेवणाऱ्यांनी यावर खूश होऊ नये. ते वेगळं दुखणं आहे.)

कच्चं मांस खाल्लं की रक्ताची चटक लागून कुत्रा चावरा होतो, हे खरं का? (सातारा)

नाही.

चार महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आहे. रोज बोनलेस चिकन आणि कलेजी कच्ची देतो. आता ते पुढच्या पायांनी लंगडतंय. कॅल्शियमचं कुठलं सिरप चांगलं? (कोल्हापूर)

सिरपचं नाव सांगणार नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. हाडं पातळ होतात, वाकतात, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. पण अंदाजाने सिरप ओतणंही तितकंच वाईट, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाला आतड्यातून जादा कॅल्शियम शोषलं जाणं रोखता येत नाही आणि सांधे बिघडतात. कलेजी रोज दिली तर 'अ' जीवनसत्त्व साठत जातं, ते निराळंच. याच आठवड्यात एक्स-रे काढा आणि पुढचा आहार तुमच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या.

मटणाच्या दुकानातून फुफ्फुस, वजडी, छाटण स्वस्तात मिळतं. ताजं असतं, डोळ्यांसमोर कापलेलं. कच्चं दिलं तर चालेल ना? जंताची गोळी वर्षातून एकदा देतो. (अहिल्यानगर)

या पत्रासाठीच खरं तर आजचा लेख. ताजं आहे म्हणून सुरक्षित आहे, हा गैरसमज मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा मेंढीचं फुफ्फुस किंवा काळीज नीट बघा. कधीकधी त्यावर गोटीएवढा, क्वचित लिंबाएवढा पांढरट फुगा असतो, आत नितळ पाणी. खाटकाच्या हाताला तो सवयीने कळतो. सुरीच्या एका फटक्यात तो तेवढा भाग उडवतो आणि ओट्याखाली बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. गिऱ्हाइकाला वाटतं, किती चोख माणूस!

तो फुगा म्हणजे हायडॅटिड सिस्ट, एका टेपवर्मचं, म्हणजे फितीसारख्या जंताचं, बाळरूप. कुत्र्याने तो खाल्ला की त्याच्या आतड्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे हजारो कृमी तयार होतात. कुत्र्याला काहीच होत नाही. तो खातो, पितो, शेपूट हलवतो. सहा-सात आठवड्यांनी विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती केसांना चिकटतात, अंगणात महिनोन् महिने टिकतात. मग तुमची नात त्याच्या गळ्यात पडते आणि तोच हात तोंडात घालते. फुगा आता तिच्या यकृतात किंवा फुफ्फुसात धरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. एखाद्या दिवशी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसतो. आत फुटला तर जिवावर बेततं.

आता हिशोब करा: अंडी दीड महिन्यात आणि तुमची गोळी वर्षाला एक. त्यातही मेडिकलवाल्याने 'जंताची' म्हणून दिलेली प्रत्येक गोळी या कृमीवर चालत नाही. प्राझिक्वांटेल असलेलीच लागते. डोस आणि अंतर डॉक्टरांनी ठरवायचं, कुत्र्याला वजनकाट्यावर उभं करून. आणि छाटण द्यायचंच असेल तर कुकरमध्ये पूर्ण शिजवून, मीठ-कांदा-लसूण न घालता. कुकर सगळ्यांच्या घरी आहे, गॅस पंधरा मिनिटं जळतो. यापलीकडे मी काय सांगू?

घरपोच येणारं फ्रोझन कच्चं अन्न घेतो. पाकिटावर 'ह्यूमन ग्रेड' लिहिलंय. गोठवल्यावर जंतू मरतात ना? घरी सासऱ्यांची केमो चालू आहे म्हणून विचारते. (ठाणे)

आजच बंद करा. साल्मोनेला हा कच्च्या मांसातला जंतू गोठवल्याने मरत नाही, नुसता झोपतो. कुत्रा ठणठणीत दिसत असतानाही हे जंतू विष्ठेतून सोडत राहतो आणि सासऱ्यांना तेवढं पुरतं. त्यांच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

'ह्यूमन ग्रेड' हा शब्द गोंडस आहे. माणसासाठीचं चिकनही माणूस शिजवून खातो, हे पाकीट सांगत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हा संशय त्यांना खायला घातलेल्या मांसावरच गेला होता. वाघ म्हणजे कुत्रा नव्हे, मान्य. पण कच्च्या कोंबडीबद्दल इतकं बेफिकीर राहू नये.

शिजवलेली हाडं चालतात का? (लातूर)

नाही. त्यांचे टोकदार तुकडे होतात. कच्च्या नळीनेही दाढा फुटतात.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली कच्च्या आहारावर आणायचंच ठरलं, तर किती दिवस लागतात? (बेळगाव)

आठ-दहा दिवस, रोज थोडं जुनं कमी आणि थोडं नवं जास्त. त्याआधी रक्ततपासणी. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर हा विचारच सोडा.

चार दिवसांपूर्वी कच्चं पायाचं हाड दिलं. तेव्हापासून शी होत नाही, कुंथतो, काल दोनदा उलटी. एरंडेल देऊ का? (जळगाव)

एरंडेल नको. तुमचं पत्र माझ्यापर्यंत यायलाच तीन दिवस गेले होते. खाली नंबर होता, लगेच फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. हे वाचेपर्यंत दवाखान्यात नेलं नसेल तर पेपर तिथेच ठेवा आणि निघा.