आयात शुल्क आणि कोटा लावून देशी उद्योग व संस्कृती खरंच वाचतात का?

उद्योगाला उसंत मिळते, पण तिची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो. पोलादावर शुल्क लागलं की पोलाद कारखाने खूश. पण तेच पोलाद घेऊन यंत्रं बनवणाऱ्यांचा खर्च वाढतो.

शिवाय लागलेलं शुल्क सहजासहजी हटत नाही. युरोपशी कोंबडीच्या व्यापारावरून वाजलं म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं, ते अजून आहे! मग पळवाटा निघतात. फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनलेल्या व्हॅन मागच्या सीट बसवून कमी शुल्काची 'प्रवासी गाडी' म्हणून आणायची आणि अमेरिकेत उतरवल्यावर त्या सीट काढून टाकायची. २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

संस्कृतीचं गणित वेगळं. दक्षिण कोरियात चित्रपटगृहांना वर्षाकाठी १४६ दिवस देशी सिनेमा दाखवण्याचं बंधन होतं. २००६ मध्ये ते ७३ दिवसांवर आलं. तोवर तिथला सिनेमा स्वतःच्या पायावर उभा होता. मात्र सगळं श्रेय कोट्याला देणं मला पटत नाही. कोटा १९६० च्या दशकापासूनच होता, बहर आला तो १९९६ मध्ये न्यायालयाने पूर्व-सेन्सॉरशिप, म्हणजे प्रदर्शनाआधीच सिनेमा तपासून कात्री लावणं, घटनाबाह्य ठरवल्यानंतर.