आकडी, गार पडणारे हात आणि थर्मल कॅमेरा

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून गेली सहा वर्षे त्याला अपस्मार आहे. फिट येण्यापूर्वी कधीकधी त्याचे हात गार पडतात, चेहरा पांढराफटक होतो आणि अंगावर काटा येतो. परळला तपासणीसाठी गेलो असता, अपस्माराच्या रुग्णांच्या त्वचेचे तापमान थर्मल कॅमेऱ्याने मोजून अभ्यास केला जातो, असे बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांकडून कळले. करोनाच्या काळात कपाळासमोर धरत असत ती बंदूक ती हीच का? तिने फिट आधी कळेल का? असा कॅमेरा आम्ही घरी घ्यावा का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : त्या बंदुकीचे आणि या कॅमेऱ्याचे तत्त्व एकच आहे. प्रत्येक उबदार वस्तूमधून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात, आणि त्यांच्या तीव्रतेवरून पृष्ठभागाचे तापमान काढता येते. बंदूक एकाच ठिपक्याचा आकडा देते, तर कॅमेरा संपूर्ण चेहऱ्याचे किंवा तळहाताचे चित्र देतो, ज्यात प्रत्येक बिंदूला स्वतःचे तापमान असते. चांगल्या कॅमेऱ्याला शेजारच्या दोन बिंदूंमधील ०.०५ अंश सेल्सियसचा फरकही टिपता येतो. मात्र ‘अमुक जागेचे तापमान नेमके किती’ हे सांगताना साध्या कॅमेऱ्याची चूक दोन अंशांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा तो कसा बदलत गेला, हे अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

अपस्माराचा उगम मेंदूत असताना त्वचेकडे कशाला पाहायचे, ही शंका स्वाभाविक आहे. हृदयाचे ठोके, घाम आणि त्वचेतील रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण यांवर स्वायत्त (आपल्या इच्छेविना आपोआप चालणाऱ्या) मज्जासंस्थेचे नियंत्रण असते, आणि तिचे सूत्रचालन करणारे मेंदूतील काही भाग कानशिलामागच्या भागाशी घट्ट जोडलेले असतात. अनेकांच्या आकडीची सुरुवात नेमकी याच भागात होते. तेथे विद्युत-खळबळ माजली की हात-पाय झटकण्यापूर्वीच नाडी वाढणे, चेहरा पांढरा किंवा लाल होणे, काटा येणे असे बदल होऊ शकतात. बोटांच्या टोकांतील आणि नाकाच्या शेंड्यातील रक्तवाहिन्या आकसल्या की तेथे गरम रक्त कमी पोहोचते आणि ती जागा गार पडते. आपण मुलाच्या हाताला लावलेला आपला हात जे सांगतो, तेच हा कॅमेरा हात न लावता, सेकंदागणिक नोंदवून ठेवतो. आपले निरीक्षण म्हणूनच मोलाचे आहे. ते तारीख-वेळेसह वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे.

मात्र हात गार पडण्याची कारणे शेकडो आहेत, आणि मुंबईत तर त्यांत भरच पडते. भर दुपारी लोकलमधून घामाघूम उतरलेला मुलगा वातानुकूलित खोलीत येऊन बसला, तर अंगावरचा घाम वाळताना त्वचा झपाट्याने गार होते, आणि चित्रात निळी दिसणारी बोटे आजाराविषयी काहीही सांगत नसून केवळ प्रवासाविषयी सांगत असतात. म्हणूनच अशा अभ्यासात खोलीचे तापमान स्थिर ठेवतात, पंखा बंद करतात आणि मोजणीपूर्वी रुग्णाला किमान पंधरा मिनिटे शांत बसवतात. चहा, कॉफी, धूम्रपान आणि हातांना लावलेले क्रीम काही तास आधीपासून वर्ज्य असते. अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवायला सांगतात, कारण चकचकीत धातू स्वतःचे तापमान न दाखवता आसपासच्या वस्तूंचेच प्रतिबिंब दाखवतो. चष्म्याची गंमत आणखी वेगळी : काचेतून हे किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे गोळे दिसतात. चष्मा काढल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मात्र चेहऱ्यावर सर्वांत उबदार उमटतो. शरीराच्या आतल्या तापमानाच्या जवळ जाणारी चेहऱ्यावरची जागा म्हणून अभ्यासक तिचीच तुलना नाकाच्या शेंड्याशी करतात.

एवढी काळजी घेऊनही बोटे गार पडली त्या क्षणी मेंदूत काय चालले होते, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यासाठी त्याच वेळी ईईजी (मेंदूतील विद्युत-लहरींचा आलेख) आणि व्हिडिओ सुरू असावा लागतो. अपस्माराचे निदान घडलेल्या प्रसंगाचे वर्णन, ईईजी आणि एमआरआय यांवरच होते. थर्मल चित्रावरून ते होत नाही, आणि कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. फिट येण्याची आगाऊ खात्रीलायक सूचना देण्याइतका पुरावाही या तंत्राजवळ नाही. तेव्हा घरी कॅमेरा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री मुलगा चादर ओढून झोपला की कॅमेऱ्याला फक्त चादरीचे तापमान दिसणार. तेच पैसे नियमित औषधांसाठी आणि फेरतपासणीसाठी ठेवावेत. फिट आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवत न बसता त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : आठ वर्षांच्या माझ्या नातीला फिट येऊ नये म्हणून टोपिरामेट सुरू आहे. मे महिन्यात खेळून आल्यावर तिचे अंग तापलेले असते, चेहरा लाल होतो, पण कपाळावर घामाचा थेंब नसतो. हा ताप समजावा का?
— एक आजोबा, गोरेगाव

उत्तर : आपण घामाकडे लक्ष दिलेत हे फार चांगले झाले. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या औषधांमुळे काहींचा, विशेषतः लहान मुलांचा, घाम कमी होतो, आणि घाम हाच शरीराची उष्णता बाहेर टाकण्याचा मोठा मार्ग असल्याने उकाड्यात तापमान चढते. वरील अभ्यासांत प्रत्येक रुग्णाची औषधे नोंदवावी लागतात, ती याच कारणाने. नाहीतर औषधाचा परिणाम आजाराच्या खात्यावर जमा व्हायचा. अंग तापलेले वाटले की तळहातावर विसंबून न राहता काखेत थर्मामीटर लावावा, नातीला सावलीत आणून पाणी पाजावे, ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि पंखा लावावा. अंग फार तापून ती गुंगीत जाऊ लागली किंवा असंबद्ध बोलू लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्यावे. दुपारी १२ ते ४ या वेळेत तिला मैदानावर पाठवू नये. गोळी मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, कारण अचानक थांबवल्यास फिट वाढू शकतात; घामाची ही गोष्ट तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, म्हणजे मात्रा कमी करायची की औषध बदलायचे हे ते ठरवतील.