कॉलेजचा लाइनमन एनएफएलमध्ये चालेल की नाही यावर चाहते एवढे का भांडतात? आणि कोण बरोबर हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ओहायोत एमएस करायला आला आहात, आणि खोलीतले दोघे तुमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या लेफ्ट टॅकल या लाइनमनवरून रोज रात्री जुंपतात. एकाच्या मते तो एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातली पोरं आळीपाळीने निवडतात त्यात, पहिल्याच फेरीत जाणार. दुसऱ्याच्या मते त्याचे हात आखूड आहेत, म्हणून एनएफएलमध्ये त्याला गार्ड व्हावं लागणार. अख्ख्या सामन्यात ज्याच्या हाती चेंडू येत नाही अशा माणसावर एवढं काय बोलायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं सिनसिनाटीत राहते. हा खेळ मला नवऱ्यापेक्षा जास्त कळतो, आणि त्याचं कारण आमचा मुलगा. हायस्कूलमध्ये तो अंगाने रुंद, पळायला हळू, म्हणून कोचने त्याला उचलून राइट गार्डला उभा केला. चार वर्षं दर शुक्रवारी रात्री मी थर्मासमधला चहा घेऊन स्टँडमध्ये कुडकुडत बसले. बाकीच्यांच्या माना चेंडूमागे वळायच्या, माझी नजर एकाच पाठीवर. चेंडू कुठे गेला ते मला लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं. लाइनमन बघण्याची हीच योग्य पद्धत आहे हे मला फार उशिरा समजलं, पण त्याकडे शेवटी येते.

आधी भांडणाचं मूळ. आक्रमणाच्या फळीत समोरच्यांना अडवणारे पाच जण: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, आणि दोन्ही टोकांना टॅकल. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, उजव्या हाताचा असेल तर फेकताना त्याची पाठ डावीकडे असते, म्हणून लेफ्ट टॅकलचा मान आणि पगार मोठा. क्वार्टरबॅकचे पास मोजता येतात, चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचे यार्ड मोजता येतात. लाइनमनच्या खात्यात अधिकृत आकडा जवळजवळ नसतोच. लाउडस्पीकरवर त्याचा नंबर येतो तो बहुधा त्याने नियम मोडला म्हणून पंचाने पिवळं फडकं टाकल्यावर. मग काम मोजता येत नाही म्हणून चाहते माणूस मोजतात. उंची किती, वजन किती, पंजा केवढा, हात किती लांब. अगदी मुलगी बघायला आल्यासारखं. दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला हा कार्यक्रम रीतसर भरतो, त्याला कंबाइन म्हणतात. तिथे दीडशे किलोच्या पोराला चाळीस यार्ड पळवतात. सामन्यात तो चाळीस यार्ड सरळ धावायची वेळ वर्षातून एकदा आली तर आली.

हाताची लांबी मात्र निव्वळ थोतांड नाही. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावतात, आणि टॅकलसाठी ३३ इंच ही जणू लक्ष्मणरेषा मानतात. कडेवरून धावून येणारा बचावपटू आणि टॅकल यांच्यात ज्याचे तळवे समोरच्याच्या छातीवर आधी टेकतात, तो पुढचं ठरवतो. टोकाला मोकळी जागा जास्त, म्हणून तिथे आखूड हात उघडे पडतात. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतात, लढाई फूटभर जागेत होते, तिथे अर्धा इंच झाकून जातो. नॉर्थवेस्टर्नचा पीटर स्कोरोन्स्की कॉलेजात उत्तम लेफ्ट टॅकल होता, हात सव्वाबत्तीस इंच. २०२३ मध्ये टेनेसी टायटन्सने त्याला ११व्या क्रमांकावर घेतला आणि गार्डला उभा केला. म्हणजे तुमचा दुसरा दोस्त हवेत बोलत नाही. (फक्त त्याला सांगा, ‘गार्डच व्हावं लागणार’ हे शिक्षा झाल्यासारखं म्हणू नकोस. गार्डच्या आईला राग येतो.)

पण एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या) विल कॅम्पबेलची गंमत बघा. २०२५च्या कंबाइनमध्ये त्याचे हात भरले ३२ पूर्णांक ५/८ इंच, आणि देशभर गदारोळ. काही आठवड्यांनी त्याच्याच कॉलेजात पुन्हा टेप लावली तेव्हा ३३. मुलाचे हात वाढले नव्हते, टेप धरणारा बदलला होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतला आणि पहिल्याच वर्षी लेफ्ट टॅकलला उभा केला. त्या गदारोळात जाणकार लोक एकच नाव घ्यायचे: क्लीव्हलंडचा जो थॉमस. त्याचे हातही साडेबत्तीसच्याच आसपास होते. २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवड झाली तेव्हा हा बाबा वडिलांबरोबर मिशिगन सरोवरावर मासे पकडत होता. पुढे तो सलग १०,३६३ डाव (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल म्हणजे एक डाव) एकही न चुकवता खेळला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आता आमच्या सिनसिनाटीचं महाभारत, कारण यात मी स्वतः तोंडावर पडले आहे.

२०२० मध्ये आमच्या बेंगल्स संघाने क्वार्टरबॅक जो बरोला पहिल्या क्रमांकावर घेतला. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या सामन्यात त्याचा गुडघा फाटला. फळी गळकी होती हे आंधळ्यालाही दिसत होतं. २०२१च्या ड्राफ्टमध्ये आमचा क्रमांक पाचवा, आणि समोर दोन पोरं: ओरेगनचा टॅकल पेनेई सुएल आणि एलएसयूचा रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेस, बरोचा कॉलेजातला जोडीदार. सुएल मूळचा अमेरिकन सामोआचा, वय २०, वजन दीडशे किलो, आणि २०१९ मध्येच देशातल्या सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी मिळवलेला. करोनाच्या वर्षी दोघेही खेळले नव्हते. दोन-तीन महिने गावात दुसरा विषय नव्हता. ऑफिसात, किराणा दुकानाच्या रांगेत, आमच्या मंडळाच्या गुढीपाडव्याच्या जेवणातसुद्धा. मी सुएलच्या बाजूची. घराला छप्पर नाही आणि झुंबर कसलं आणताय, हे माझं वाक्य होतं, आणि ते मी फार मोठ्याने म्हणत असे. डेटनच्या एका सहकाऱ्याशी पैज लावली: हरणाऱ्याने अख्ख्या टीमला खायला घालायचं.

२९ एप्रिलला बेंगल्सने झुंबर, म्हणजे चेस, घेतलं. सुएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. ऑगस्टमधल्या सराव सामन्यांत चेसच्या हातून चेंडू सुटत होते तेव्हा मी किती खूश होते हे आता कबूल करायला लाज वाटते. मग हंगाम सुरू झाला आणि पठ्ठ्याने १,४५५ यार्ड, १३ टचडाउन केले. सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि बेंगल्स थेट सुपर बोल या अंतिम सामन्यात पोचले. डिसेंबरातच मी चाळीस बटाटेवडे तळून नेले होते.

पण माझं म्हणणं पूर्ण खोटंही ठरलं नाही. त्या हंगामात बरोला ५१ वेळा पाडलं, लीगमध्ये सर्वांत जास्त. टेनेसीतल्या प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) सामन्यात नऊ वेळा, तरी जिंकलो. लॉस एंजलिस रॅम्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये सात वेळा, आणि २३-२० ने हरलो. त्या रात्री उजव्या टॅकलला राखीव खेळाडू होता. शेवटच्या डावात एक यार्ड हवा असताना ॲरन डोनाल्डने आत घुसून बरोला गरागरा फिरवला आणि खेळ खलास. हा डोनाल्डही लाइनमनच, बचावातला. पिट्सबर्गच्या कॉलेजातून निघाला तेव्हा ‘या जागेसाठी बुटका’ म्हणून लोक नाक मुरडत होते, आणि २०१४ मध्ये तो १३व्या क्रमांकापर्यंत उरला होता.

तिकडे सुएल २०२३च्या हंगामात ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला, तोही राइट टॅकल म्हणून. पुढच्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटने त्याच्याशी चार वर्षांचा ११.२ कोटी डॉलरचा करार केला. मी सहकाऱ्याकडे वडे परत मागितले. तो म्हणाला, चेस माझा, सुएल तुझा, पैज बरोबरीत. आम्ही तीन वर्षं ‘हा की तो’ करत होतो, आणि पोरं दोन्ही खणखणीत निघाली. २०२१च्या आमच्या दुसऱ्या फेरीकडे मात्र तेव्हा कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. त्या फेरीत बेंगल्सने जॅक्सन कारमन घेतला, इथल्याच फेअरफील्डचा मुलगा, क्लेमसनचा लेफ्ट टॅकल. त्याला गार्डला खेळवायचा प्रयत्न झाला, पण त्याचं बस्तान काही बसलं नाही. सुएलला डेट्रॉइटमध्ये फळीची बांधणी मनावर घेणारा संघ मिळाला. आमच्याकडे त्या वर्षी सगळंच ठिगळ लावल्यासारखं होतं. कारमन डेट्रॉइटला गेला असता तर? मला खरंच वाटतं की मुलगा कोणत्या दारात उतरतो यावर त्याचं निम्मं नशीब असतं, आणि ते एप्रिलच्या आधी तुमच्या खोलीतल्या दोघांनाच काय, खुद्द त्या मुलालाही माहीत नसतं.

आणखी एक नाव सांगते. ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर, ओक्लाहोमाचा डोंगर, उंची सहा फूट आठ इंच. २०१८च्या कंबाइनमध्ये चाळीस यार्डांना त्याला ५.८५ सेकंद लागले, आणि १०२ किलोचा बार जेमतेम १४ वेळा वर गेला. लोक खो खो हसले. पहिल्या फेरीतला मुलगा तिसऱ्या फेरीत ८३व्या क्रमांकावर घसरला. बाल्टिमोरने घेतला, वडीलही तिथेच खेळलेले. पुढे हा चार वेळा ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि कॅन्सस सिटीकडून सुपर बोल जिंकला. २०२३ पासून बरोच्या पाठीशी लेफ्ट टॅकलला कोण उभा राहिला? हाच. त्याच्या कंबाइनवर हसलेले आमच्याकडचे लोक तेव्हा त्याची जर्सी शोधत होते.

उलटं उदाहरण द्यायचं तर १९८९चा मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच. असं शरीर पुन्हा होणे नाही, म्हणून ग्रीन बेने दुसऱ्या क्रमांकावर घेतला. त्या पहिल्या पाचांतले बाकीचे चौघे आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत, मँडरिच नाही. स्टेरॉइड घेत होतो हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं.

तर मापं बाजूला ठेवून बघायचं काय? शनिवारी कॉलेजच्या सामन्याला गोलपोस्टच्या मागची, वरची तिकिटं काढा. स्वस्तही असतात आणि फळी तिथून उलगडून दिसते. चेंडू निघाला की त्याच्याकडे बघायचं नाही. तुमच्या त्या टॅकलच्या पायांकडे बघा. मागे सरकताना पावलं छोटी आणि जमिनीलगत राहतात का, की पाय एकमेकांत अडकतात? तो गुडघ्यातून बसतो की कमरेतून वाकतो? साताऱ्याकडे माझ्या काकांच्या तालमीत वस्ताद पवित्र्यावरूनच पोरगं जोखायचा, खांदे मागाहून बघायचा. इथेही तेच. कमरेतून पुढे झुकून समोरच्याला पकडायला झेपावणारा मुलगा कॉलेजात निभावून नेतो. एनएफएलमध्ये समोरचा फक्त अंग चोरतो आणि हा तोंडघशी. कबड्डीत कोपऱ्याने अधीर होऊन पायावर उडी टाकावी आणि रेडरने पाय काढून घ्यावा, तसंच.

बघायची खरी वेळ म्हणजे तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात-आठ यार्ड बाकी. आता पास येणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत असतं. बऱ्याच कॉलेज संघांत चेंडू दोन सेकंदांत हातातून सुटतो, त्यात लाइनमनचे दोष दिसतच नाहीत. लांब पासात तो एकटा असतो. शेजारी मदतीला टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहणारा जादा खेळाडू) उभा केलाय का तेही बघा. कोच दर वेळी मदत देत असेल तर कोचचं मत तुम्हाला कळलं. दोन बचावपटू एकमेकांना ओलांडून जागा बदलतात तेव्हा आपला माणूस शेजाऱ्याकडे सोपवून तो नवा उचलतो का, यावरून डोकं कळतं. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की एकदा हरल्यावर तो काय करतो. हरतात सगळेच. काही जण हरल्यावरही समोरच्याला कडेने लांब वळसा घालायला लावतात, तेवढ्यात चेंडू निघून जातो. आमच्या मुलाला ते जमायचं. पाय जमायचे नाहीत, म्हणून तो हायस्कूलवरच थांबला, आणि आता टीव्हीवर सामना लागला की तोही चेंडू सोडून गार्डकडेच बघतो.

गुडघे आणि पाठ यांचे एमआरआय संघांचे डॉक्टर बघतात, ते आपल्याला दिसत नाहीत. एखादा मुलगा ड्राफ्टच्या रात्री विनाकारण घसरलेला वाटतो तेव्हा बऱ्याचदा कारण तिथे असतं. अनुभव कमी म्हणूनही फार घाबरू नका. जॉर्जियाच्या अमेरियस मिम्सने कॉलेजात पहिल्या अकरांत खेळलेले सामने अवघे आठ. २०२४ मध्ये बेंगल्सने त्याला १८व्या क्रमांकावर घेतला तेव्हा मीच कपाळाला हात लावला होता. पहिल्याच हंगामात तो राइट टॅकलला उभा होता. पैज या वेळी लावली नव्हती, एवढं शहाणपण आलंय.

तुमच्या त्या टॅकलचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी कौल देत नाही. शनिवारी जाऊन आलात की चौथ्या क्वार्टरमध्ये, दमल्यावर, त्याचे पाय कसे पडत होते तेवढं खाली लिहा. हातांचं नंतर बघू.