ऑनलाइन कोर्सच्या फीवर अमेरिकेत टॅक्स क्रेडिट मिळतं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो. २०२५मध्ये मी इथल्या कम्युनिटी कॉलेजचा डेटा अ‍ॅनालिटिक्सचा ऑनलाइन कोर्स केला. पदवीचा नाही, फी ३,४०० डॉलर. एका अ‍ॅपवरच्या कोर्सला आणखी ६०० गेले. कॉलेजकडून १०९८-टी (भरलेल्या फीचा टॅक्ससाठीचा फॉर्म) आलेला नाही. दोघांचं मिळून उत्पन्न १,७०,००० डॉलर. वेगवेगळं रिटर्न भरलं तर जास्त फायदा होईल का?

उत्तर : वेगवेगळं रिटर्न अजिबात भरू नका. नवरा-बायकोने स्वतंत्र रिटर्न भरलं की शिक्षणाचं क्रेडिट (टॅक्सच्या रकमेतून थेट वजा होणारी सूट) कमी होत नाही, सरळ शून्य होतं. हा सल्ला तुम्हाला कोणी दिला?

कोर्स ऑनलाइन होता, याला आयआरएसची (अमेरिकेच्या टॅक्स खात्याची) हरकत नाही. शिकवणारी संस्था केंद्रीय शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-मदत योजनांसाठी पात्र हवी, एवढंच. कम्युनिटी कॉलेजं सहसा असतात, तरी कॉलेजात विचारून घ्या. अ‍ॅपचे ६०० मात्र विसरा. प्रमाणपत्रावर मोठ्या विद्यापीठाचं नाव असेलही, पण तुम्ही त्या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी नव्हता. पैसे गेले कंपनीला.

कोर्स पदवीचा नसल्यामुळे २,५०० डॉलरपर्यंतचं अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट बाद. उरतं लाइफटाइम लर्निंग क्रेडिट. नोकरीचं कौशल्य वाढवणारा एकच कोर्स केला असला तरी ते चालतं. १०,००० डॉलरपर्यंतच्या फीच्या २० टक्के, म्हणजे तुमचे ६८०. पण एकत्र रिटर्नमध्ये १,६०,००० पासून कात्री लागते आणि १,८०,००० ला सगळं संपतं. तुम्ही बरोबर मधोमध, म्हणून ३४०. हे समायोजित, म्हणजे ठरावीक कपाती वजा केलेल्या उत्पन्नाचं गणित आहे. तुमचा १,७०,००० हा ४०१-केची (नोकरीतल्या निवृत्ती योजनेची) कपात होण्याआधीचा आकडा असेल, तर हाती जास्त येईल. (दोघंही वर्षभर टॅक्ससाठी रेसिडेंट होता, असं धरलं आहे.)

१०९८-टीची काळजी नको. कॉलेजचे अभ्यासक्रमाचे क्रेडिट (टॅक्सचं नव्हे, पदवीसाठी मोजले जातात ते) न देणाऱ्या कोर्ससाठी तो द्यायचं बंधन कॉलेजवर नाही. फीची पावती आणि प्रवेशाचा पुरावा जपा, रिटर्नला हे क्रेडिट मागायचा फॉर्म ८८६३ जोडा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही : ही फी कंपनीने परत दिली का? टॅक्स कायद्याच्या कलम १२७खाली कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणखर्च करमुक्त देऊ शकते, आणि तेवढ्या फीवर क्रेडिट मागता येत नाही. समजा २,००० परत मिळाले, तर हिशेब उरलेल्या १,४०० वरच : २८०, आणि कात्रीनंतर १४०.