लाईट जाऊन परत आली की डेस्कटॉप आपोआप चालू होतो, हे बंद कसं करायचं?

बायोसमधली (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस', म्हणजे लाईट परत आल्यावर पीसीने काय करायचं, ही सेटिंग 'पॉवर ऑन' किंवा 'लास्ट स्टेट'वर असणार तुमची, ती 'पॉवर ऑफ' करा, बहुतेक तिथेच मिटेल. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, आत पॉवर नाहीतर एपीएम (पॉवर मॅनेजमेंट) नावाच्या पानावर सापडेल (प्रत्येक मदरबोर्डवाला नाव थोडं वेगळं देतो, वैताग आहे), मग एफ१० दाबून सेव्ह. ठाण्यात पीसी रिपेअरिंग करतो मी, पहिल्या पावसात घोडबंदर साईडला लाईटची ये-जा सुरू झाली की हीच तक्रार येते आणि काहींनी तोवर एसएमपीएसपण (पीसीचा पॉवर सप्लाय) बदललेला असतो, उगाच.

फक्त, लाईट न जाताच रात्री-अपरात्री चालू होत असेल तर हे कारण नाही. मग वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून पीसी चालू करायची सोय) बंद करा आणि कॅबिनेटचं बटण अडकतंय का बघा, म्हणजे मदरबोर्डवरून पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढून एक रात्र ठेवायची, तरी चालू झाला तर बटण निर्दोष. सकाळी चालू करायला मदरबोर्डवरच्या त्याच दोन पिनांना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, बाकी कुठे लावू नका.