आईला हॉस्पिटलमध्ये जुलाब लागले पण स्टूल कल्चर नॉर्मल, मग जंतू नाहीच का?

तुमची आई न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट, आठव्या दिवशी जुलाब लागले आणि कल्चरमध्ये काही आलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी रत्नागिरीकडे एका लॅबमध्ये प्लेटा (जंतू वाढवायच्या बशा) बघतो, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

कल्चर म्हणजे शीतले जंतू प्लेटवर वाढवून बघणं, ते नॉर्मल म्हणजे जे शोधलं ते मिळालं नाही, एवढंच. साध्या कल्चरमध्ये आम्ही मुख्यतः साल्मोनेला, शिगेला बघतो, ते बाहेरच्या अन्नपाण्यातून येणारे, अ‍ॅडमिट होऊन ३ दिवस उलटल्यावर लागलेल्या जुलाबात ते क्वचितच असतात. तिथे आधी संशय क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचा, बोलताना सगळे सी डिफ म्हणतात. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जंतू मेले की याला मोकळं रान. तो हवेत वाढतच नाही, त्यामुळे आमच्या रोजच्या प्लेटवर दिसणार कुठून, त्याच्या टॉक्सिनची (तो सोडतो त्या विषाची) टेस्ट वेगळी सांगावी लागते, आणि सॅम्पल पातळ शीचंच हवं, पटकन पोचवा नाहीतर बर्फावर ठेवा, कारण टॉक्सिन बाहेर टिकत नाही. अर्थात अँटिबायोटिकने नुसतेही जुलाब होतात, दरवेळी सी डिफच असं नाही.

घरी लागलेल्या जुलाबाची गोष्ट वेगळी. पावसात विहिरी गढूळल्या की ई कोलाय, कधी कॉलरा. ई कोलाय तर धडधाकट माणसाच्या शीतही असतो, त्यातला त्रास देणारा कुठला ते साध्या प्लेटवर कळत नाही. आणि आपल्याकडे तिसऱ्या, खुबे, कालवं कच्ची राहिली तर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस नावाचा जंतू! त्याला टीसीबीएस नावाची प्लेट लागते, तिच्यावर कॉलऱ्याच्या कॉलनी (जंतू वाढून दिसणारे ठिपके) पिवळ्या येतात, याच्या हिरव्या. पण फॉर्मवर नुसतं 'लूज मोशन' लिहिलं तर ती लावायचं मला सुचणार कसं? एकदा एकजण काउंटरवर सहज बोलून गेला की काल कालवं खाल्लेली, म्हणून लावली, दुसऱ्या दिवशी हिरव्यागार कॉलनी.

तर उद्या राउंडला डॉक्टरांना सी डिफची टेस्ट पाठवायची का विचारा, आणि चालू अँटिबायोटिक अजून किती दिवस लागणार तेही. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने देऊ नका. आईजवळ बसणाऱ्यांनी हात साबण-पाण्यानेच धुवायचे, सॅनिटायझरने सी डिफचे स्पोर (त्याचं चिवट, सुप्त रूप) मरत नाहीत. ओआरएस द्यायला सांगितलं असेल तर मोठं पाकीट अख्खं १ लिटर पाण्यात, निम्मं निम्मं अंदाजाने ग्लासात ओतू नका, आमच्याकडे सर्रास तसं करतात.