हायस्कूलच्या पोरांच्या टेन्शनवर आमच्या युवक मंडळाला काम करायचंय, आमच्यात कुणी काउन्सेलर नाही, सुरुवात कुठनं करू? (बेळगाव भाग)

तुम्ही लिहिलंय की मंडळाकडनं गावच्या मराठी हायस्कुलात मानसिक आरोग्यावर व्याख्यानमाला घ्यायचं ठरतंय आणि वक्ते कोण बोलवू. मी खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या हायस्कुलांत बरीच वर्षं जाते, मास्तरीण नाही, डॉक्टर तर नाहीच, पोरं ताई म्हणतात तेवढीच ओळख. तर माझं म्हणणं, व्याख्यानमाला राहू दे. पोरांना ग्राउंडवर बसवायचं, पाहुण्यांना शाल-नारळ, मग तासभर टेन्शन घेऊ नका, मोबाईल सोडा, आईबापाचं ऐका, आणि आभार मानायला उभं राहिलं की माईक कुंई करतोय. ज्या पोराला खरंच काहीतरी होतंय ते मागच्या रांगेत माती उकरत बसलेलं असतं आणि त्याला एवढंच कळतं की बाकी सगळ्यांना जमतंय, आपल्यालाच जमत नाही.

त्यापेक्षा आठवड्यातला एक वार धरा, एक वेळ धरा आणि तुमच्यातले तेच दोघं-तिघं दर वेळी तिथं दिसू देत. पावसात, यात्रेच्या आठवड्यात, गणपती तोंडावर आलेले असताना, सगळ्यात. पोरं पहिले काही आठवडे तुमच्याशी नीट बोलणारच नाहीत, कारण बाहेरनं येऊन फोटो काढून गेलेली माणसं त्यांनी ढीगभर बघितल्यात. (फोटो काढू नका, मंडळाच्या ग्रुपवर तर अजिबात नको.) आणि ती तक्रारपेटी की काय म्हणतात ती हेडमास्तरांच्या दाराशी लावू नका, तिथं चिठ्ठी टाकायला कोण जाणार, वरनं शिपायाला सगळ्यांची अक्षरं पाठ असतात.

वेळ कुठली म्हणाल तर दुपारच्या जेवणाची. आपल्याकडं दहावीपर्यंत शाळेत जेवण आहे, तिथं वाढायला उभं राहा आणि मग तुम्हीपण ताट घेऊन खाली बसा. कोण कुणाजवळ बसतंय, कोण भिंतीकडं तोंड करून खातंय, कोण चार दिवस झाले भूक नाही म्हणून फिरतंय, हे वर्गात दिसत नाही, तिथं दिसतं. आठवीत एक पोरगी होती, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातनं मामाकडं शिकायला आलेली. कन्नडचा तास आला की डोकं दुखायचं, कधी उलटी, मग घरी. शाळेत चर्चा काय तर बाप नाही, मन लागत नाही, एक बाई तर म्हणाल्या दृष्ट काढा. नळावर ताटं धुताना मी सहज विचारलं, आज तास बुडवलीस गे? तर मान खाली घालूनच म्हणाली, "ताई, मला त्यातलं अक्षरच ओळखत नाही, बाकीची लहानपणापासनं शिकूलीत." झालं, एवढंच होतं. तिला समुपदेशन नको होतं, कागुणित म्हणजे कन्नडची बाराखडी शिकवणारं कोणतरी पाहिजे होतं. नववीतल्या एका पोरीच्या घरात आई कन्नड बोलते, ती जेवण झाल्यावर थोडा वेळ हिच्याजवळ बसायला लागली, पाटीवर क का कि की. डोकं अजून अधनंमधनं दुखतंय, पण शाळा बुडत नाही आणि दोघींची गट्टी झाली ते वेगळंच.

मला या कामातलं हेच पटतं की आपल्या पोरांच्या मनावर जे ओझं असतं त्यातलं बरंच काही मनात नसतंच, बाहेर असतं, आणि ते काउन्सेलरपेक्षा युवक मंडळालाच लवकर सुटतं. बसचंच घ्या. जून 2023 पासनं शक्ती योजनेत बायकांना, पोरींना एसटी फुकट झाली, चांगलंच झालं, किती पोरींचं शिक्षण त्यानं वाचलं, पण सकाळची गाडी गच्च भरून येते आणि मधल्या स्टॉपवर थांबतच नाही, मग पोर उशिरा पोचतंय, मग वर्गाबाहेर उभं राहतंय, असं आठवड्यातनं दोनदा झालं की त्याला शाळाच नको वाटायला लागते आणि आपण म्हणतो पोरगा अबोल झालाय. अशा वेळी शाळेच्या लेटरहेडवर कन्नडमधनं अर्ज लिहा, एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) सह्या घ्या आणि डेपो मॅनेजरला स्वतः नेऊन द्या, पाठवून देऊ नका. मंडळात डेपोतल्या एखाद्या कंडक्टरचा भाऊ-पुतण्या असतोच, त्याला बरोबर घ्या.

दहावीचं तसंच. सहाशे पंचवीसपैकी किती मार्क, हा आकडा जून उजाडला की घरात सुरू होतो आणि नापास झालास तर उद्यमबागला कारखान्यात कामाला लावतो हे प्रत्येक बापाचं ठरलेलं वाक्य. बापाला बऱ्याचदा माहीतच नसतंय की 2024 पासनं एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, एकाच वर्षात एकापेक्षा जास्त संधी आहेत आणि ज्यात जास्त मार्क पडतील ते धरतात. पालकसभेत हे सांगा, आणि बायांच्या बचत गटातपण सांगा, कारण पालकसभेला बाप येत नाहीत. अजून एक, निकाल लागतो तेव्हा शाळेला सुट्टी असते. वर्षभर "काही वाटलं तर सांग" म्हणणारे मास्तर त्या दिवशी त्यांच्या गावी असतात. गावात असता तुम्ही. काठावरची पोरं कोण ते आधीच माहीत करून घ्या आणि त्या दुपारी त्यांच्या घरी चक्कर टाका, मार्क विचारायला नको, चल क्रिकेटला म्हणून बोलवायला. पोराला एकटं खोलीत पडू द्यायचं नाही एवढंच काम. हे कुठल्याही पाहुण्या वक्त्याला जमणारं नाही.

आता अवघड भाग, तो मात्र नीट वाचा. पोर हळूच येऊन "कुणाला सांगणार नाही ना" म्हणलं की हो म्हणायचं नाही. "तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोण तुला त्रास देत असेल तर ज्याला सांगायला पाहिजे त्याला मी सांगणार, पण तुला विचारून, तुझ्यासमोर" हे आधीच बोलून ठेवायचं. लैंगिक त्रासाची गोष्ट असेल तर पॉक्सो कायदा 2012 चा आहे, त्याच्या कलम 19 प्रमाणं ज्याला कळलं त्याला पोलिसांना कळवावंच लागतं, गावातली माणसं बसवून मिटवायचं नाही, कितीही मोठ्या घरचा असू दे. वयाआधी लग्न ठरवूलेत अशी कुणकुण लागली तर 1098 (चाइल्ड हेल्पलाईन), आणि तालुक्याच्या सीडीपीओ म्हणजे बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन सांगा.

आणि पोराच्या बोलण्यात जगून काय उपयोग, सगळ्यांचं ओझं हलकं होईल असलं काही यायला लागलं, किंवा हातावर ब्लेडच्या रेघा दिसल्या, तर सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्यानं डोक्यात किडा घातला जातो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट बऱ्याच पोरांना हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. मग एकटं सोडायचं नाही, घरात शेताची औषधं कुठं ठेवल्यात ते विचारून ती हलवायला लावायची (आपल्याकडं हे सगळ्यात महत्त्वाचं, ऊसवाल्या घरात डबा पडवीतच असतो), आणि त्याच दिवशी पुढं न्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 रात्रंदिवस चालू असतो आणि फुकट आहे. बेळगावात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तालुका हॉस्पिटलला मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात ते आधी चौकशी करून जावा, आणि मोठं काही असेल तर धारवाडची डिमहान्स, त्याला घरची माणसं अजून वेड्यांचं हॉस्पिटल म्हणतात त्यामुळं बरोबर कोणतरी जायला लागतं. ते बरोबर जाणं तुमचं काम, उपचार तुमचं काम नाही.

शाळेला विचारा की आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमातले दोन शिक्षक, म्हणजे हेल्थ अँड वेलनेस अँबॅसिडर, कोण आहेत. 2020 पासनं ही योजना आहे, कागदावर बहुतेक ठिकाणी नावं आहेत, त्यांना हाताशी धरा, नाहीतर त्यांना वाटतं हे आमच्यावर बसायला आलेत. काउन्सेलर पाहिजे म्हणून संस्थेच्या मागं लागायचं असेल तर जुलै 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेला एक तरी शिकलेला काउन्सेलर नेमायला सांगितलंय. लगेच नेमतील असं नाही, पण हेल्पलाईनचे नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा हेपण त्यातच आहे, ते तरी रंगाच्या एका डब्यात होतंय.

परवानगी लेखी घ्या, हेडमास्तर आणि सरकारी शाळा असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस, अनुदानित असेल तर संचालक मंडळ. तुमच्या युवक मंडळात पोरी नसतील तर आधी दोघी शोधा, त्याशिवाय सुरूच करू नका. दार लावून पोराशी एकट्यानं बसायचं नाही, व्हरांड्यात बसा, दिसेल असं पण ऐकू जाणार नाही असं. पोरींचे नंबर पोरांनी घ्यायचे नाहीत.

आणि एक सीमाभागाचं म्हणून सांगते, राग मानू नका. मंडळाचा बॅनर, भगवं उपरणं, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाची चर्चा हे शाळेच्या गेटबाहेर ठेवून आत या. तुमची भावना खोटी नाही, माझीपण तीच आहे, पण कुणीतरी वर कळवलं की परवानगी जाते आणि पोरांचा वार बुडतो. त्याच कंपाउंडात कन्नड शाळा असली तर कॅरम, कबड्डीला ती पोरंपण घ्या, त्यांच्या घरातपण तोच बाप आणि तीच दहावी.

सुरुवात शाळा उघडताना करा, जानेवारीनंतर नको, तेव्हा दहावीचे एक्स्ट्रा क्लास लागतात आणि तुम्हाला कोण वेळ देणार नाही. शनिवार धरू नका, सकाळची शाळा असते आणि जांबोटी-कणकुंबीकडची पोरं घंटा झाली की गाडीसाठी पळतात. बुधवार किंवा गुरुवार बघा.